बिनबर्फाचा रस

एप्रिलच्या दुपारी सोलापूरच्या रस्त्यावर दोनच प्रकारची माणसं दिसतात – ज्यांना काम आहे ती, आणि ज्यांना अक्कल नाही ती. धम्मप्रिया त्या दिवशी दोन्हींत मोडत होती. रिक्षा सात रस्ता चौकाजवळ बंद पडलेली, मांडीवर पुण्याहून आणलेला थर्माकोलचा डबा, आणि डब्यातल्या बर्फाचं पाणी व्हायला लागलेलं.

समोर रसवंती दिसली. ती धावलीच.

"दादा, बर्फ द्या. असेल तेवढा."

"ह्या सायबांच्या रसासाठी फोडलाय तेवढाच उरलाय बघा."

बाकावरच्या साहेबानं डब्याकडं बघितलं. उन्हानं रापलेला चेहरा, दुमडलेल्या बाह्या.

"आत काय, मासे?"

"औषध."

"मग घ्या की. मी बिनबर्फाचा पितो." त्यानं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "कोमट साखरेचं पाणी. तुमच्या औषधाला गुण आला पाहिजे बरं का, नाहीतर माझा रस फुकट गेला."

तिनं बर्फ भरला आणि नावही न विचारता पळाली. अर्ध्या तासानं दवाखान्यात, मधुमेहाच्या जखमांच्या ओपीडीत, तोच माणूस पांढरा कोट घालून उभा होता.

"या, मासेवाल्या मॅडम," तो म्हणाला. "मी डॉक्टर जोतिराम. जखमा मी मोजणार आहे."

डब्यात होत्या तिनं पुण्यात बनवलेल्या पट्ट्या. केसाहून कितीतरी बारीक तंतूंची जाळी, आणि त्या तंतूंत डोळ्यांना न दिसणारे औषधाचे कण – जखमेत हळूहळू झिरपणारे. प्रयोगशाळेत उंदरांना गुण आला होता. आता माणसांवर चाचणी. आणि ती सोलापुरातच व्हावी म्हणून धम्मप्रिया पुण्यात सगळ्यांशी भांडली होती. तिचे वडील जालिंदर चादरीच्या कारखान्यात मागावर होते. ती कॉलेजात असताना अशाच एका न भरणाऱ्या जखमेनं त्यांचा पाय गेला. चादरींच्या गावची पोर तंतूंच्या नादी लागली, ती तेव्हापासून.

चाचणीचा नियम कडक होता. निम्म्या पेशंटांना औषधाची पट्टी, निम्म्यांना दिसायला तशीच पण साधी. कुणाला कुठली, ते पुण्यातल्या संगणकालाच ठाऊक. पेशंटला नाही, तिला नाही, आणि मोजणाऱ्या जोतिरामला तर नाहीच.

"घरी मेंढ्या मोजायचो," तो एकदा म्हणाला. माळशिरसकडच्या मेंढपाळाच्या घरातला होता तो. "आता जखमा मोजतो. मोजमाप सुटेना."

ती हसली.

"हसू नका. तुम्ही हसलात की मला जखम भरल्यासारखी वाटते."

"मग माझ्याकडं बघू नका."

"तेच जमत नाही…" असं म्हणून, जणू हवापाण्याविषयी बोलल्यासारखा, तो पुढच्या पेशंटकडं वळला. धम्मप्रियाचे कान मात्र उगाचच गरम झाले. एप्रिल होता, दुसरं काय.

मग एकदा तपासणीला आल्या होटगी गावच्या कस्तुराबाई आणि बाळाबाई. शेजारणी. बरोबर यायच्या, बरोबर जायच्या. पट्ट्या घरी बदलायच्या होत्या, म्हणून दोघींच्या पट्ट्या बाळाबाईंच्या सुनेच्या फ्रिजमध्ये. जोतिरामनं कस्तुराबाईंच्या पायावरचं बँडेज सोडलं आणि तो थबकला. खाली दोन अर्ध्या पट्ट्या, कडेला कड लावून बसवलेल्या. बाळाबाईंच्याही पायावर तेच.

"आजी, हे कुणी कापलं?"

"मीच की. येक हिची, येक माजी, दोन्ही मदोमद कापल्या." कस्तुराबाईंना लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. "तुमीच सांगितलं न्हवं, एकीला औषध आन् एकीला नुसतं फडकं? भाकरी वाटून खातो, तशी वाटली."

"मी नगं म्हनलं हुतं," बाळाबाई पुटपुटल्या.

"म्हनली. पर पाय पुढं केला."

धम्मप्रियाला आधी हसू आलं, मग सगळं ध्यानात आलं. दोघींची मोजमापं बाद. आणि पुण्याला कळलं तर सोलापूरचं केंद्रच बंद… इतक्या भांडणानं मिळवलेलं. ती जोतिरामला व्हरांड्यात घेऊन गेली.

"जखमा तर भरतायत दोघींच्या. आणि कापलेलं आपण दोघांनीच बघितलंय." पुढचं वाक्य तिला पुरं करवेना.

त्यानं हातमोजे काढले. "तुमच्या वडलांच्या पायावर कुणी पट्टी बांधली असती, तर ती खऱ्या आकड्यांवर पारखलेली असावी, असंच वाटलं असतं की तुम्हाला."

तिला ते लागलं. खरं होतं म्हणूनच लागलं. तिथंच उभं राहून तिनं पुण्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

केंद्र वाचलं, पण थोडक्यात. दोघी चाचणीतून बाहेर, त्यांना नेहमीचे उपचार. आणि बाकीच्यांना सगळं पुन्हा नीट समजावायचं, नुसता संमतीचा कागद वाचून नव्हे. त्या कामात धम्मप्रियापेक्षा कस्तुराबाईच पुढं. "कापू नगा गं बायांनो. वाटून घेतलं तर गुण कशानं आला त्ये कळत न्हाय. माजं नाव यादीतनं काडलं बगा."

पण जखमा मोजायला आता डॉक्टर महेश्वरी यायला लागल्या. जोतिरामनं ते काम आपणहून सोडलं होतं. धम्मप्रियाला वाटलं, व्हरांड्यातल्या त्या अर्ध्या वाक्यानं आपण त्याच्या मनातून उतरलो. ती समोरून आली की तो दुसऱ्या जिन्यानं जाई.

"भांडलात व्हय?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"नाही, आजी."

"मग त्यो रसाच्या दुकानात एकलाच का बसतुय? आत्ताच बगून आले. गिलास तसाच हाय."

ती गेली. तो त्याच बाकावर होता. समोर रस, बिनबर्फाचा.

"माझ्यावर राग आहे म्हणून मोजणं सोडलंत?"

"राग?" त्यानं मान हलवली. "फोन लावला तर केंद्र बंद पडेल, हे ठाऊक होतं तुम्हाला. तरी लावलात. त्यानंतर… मला जखमा नीट दिसेनात."

"म्हणजे?"

"सगळ्याच भरल्यासारख्या दिसायला लागल्या. पट्टी तुमची ना. मोजणाऱ्याचं मन एकीकडं झुकलं की त्यानं उठावं, असा नियम आहे. चाचणीवर लक्ष ठेवणाऱ्या एथिक्स कमिटीपुढं जाऊन सांगितलं."

"काय सांगितलंत?"

"पट्टी बनवणारीवर जीव जडलाय म्हणून." तो ग्लासाकडं बघत होता. "अध्यक्षांनी विचारलं, त्यांना माहीत आहे का? म्हटलं, नाही सर… अजून कळवलेलं नाही."

धम्मप्रिया शेजारी बसली. हसू दाबता दाबता तिचे डोळे भरून आले.

"म्हणजे कमिटीला आधी, आणि मला नंतर?"

"रीतच तशी आहे की."

तिनं त्याचा ग्लास उचलून एक घोट घेतला. "शी. कोमट साखरेचं पाणी."

"म्हटलं होतं."

"दादा, ह्यात बर्फ टाका. आणि मलाही एक द्या." मग हळूच, पहिल्यांदाच एकेरीवर येत, "निकाल दिवाळीनंतर लागेल, जोतिराम. पट्टीत गुण नाही निघाला तर मला पुन्हा पहिल्यापासून विणायला बसावं लागेल. कितीतरी वर्षं. थांबशील?"

"मेंढरांमागं फिरणाऱ्यांचं घर आहे आमचं," तो म्हणाला. "चारा दिसेपर्यंत चालायचं, हे आम्हाला शिकवावं लागत नाही. तू फक्त सोबत चल."

रसवाल्यानं बर्फ फोडला. एक खडा उडून तिच्या हातावर पडला, त्यावर त्यानं आपला हात ठेवला, आणि खडा वितळेपर्यंत दोघांपैकी कुणीही हात मागं घेतला नाही.