होकाराची लहर

श्वासयंत्र चार वाजता बंद करायचं ठरलं होतं.

वैजयंताला लकवा होऊन अकरा महिने झालेले. बोट हलत नव्हतं, पापणी हलत नव्हती. पण कपाळावरचा मनवाचक तिच्या मेंदूतली लहर टिपायचा आणि पडद्यावर ‘होय’ उमटायचं. लहर नाही, म्हणजे नकार. काल तिच्या सासूनं, चंद्राक्कांनी, विचारलं, “सुटायचंय का गं?” पडदा म्हणाला, होय.

“ह्या यंत्राला होकार शिकवला कुणी?” कालच रुजू झालेल्या डॉक्टर देशिंगकरबाईंनी विचारलं.

“मी. आमच्यात परका माणूस सुनेला विचारत नसतो. नाव वैजयंता का, दोन लेकरं का, सारं मीच विचारलं.”

“आणि नकार? खोटे प्रश्न?”

“नवरा वारला का, असलं विचाराय लावत होती तुमची यंत्रवाली पोरं. भरल्या घरात असलं अभद्र बोलायचं? हाकलली. मग खोलीत कुणी नसताना जे दिसलं, तेच नकार म्हणून टिपून घेतलं त्यांनी.”

डॉक्टरांनी संमतीचा कागद खाली ठेवला. “आक्का, बेडकासमोर माशी उडाली की त्याच्या मेंदूत एक लहर उठते. काळी गोळी फेकली तरी तीच. मग लहर माशीची, की काळ्या ठिपक्याची? लहरीवर लिहिलेलं नसतं. इथं होकार आणि तुम्ही, कायम जोडीनंच आलात; लहर होकाराची की तुमची, ते बघायला जरा दाराआड थांबा.”

“मी काय माशी?” आक्का फणकारल्या, पण दाराआड जाऊन उभ्या राहिल्या.

“तुमचं नाव वैजयंता?” आतून डॉक्टरांचा आवाज आला.

दाराच्या फटीतून दिसणारा पडदा कोरा.

“हिंदुराव तुमचे यजमान?”

कोरा.

आक्कांना आपण विचारलेले सगळे प्रश्न आठवले. तुझ्या लेकीचं लग्न उरकू का? होय. तुझ्या पाटल्या धाकट्या जावेला देऊ? होय. सुटायचंय?

“ते श्वासाचं यंत्र बंद करू नका,” त्या आत येत म्हणाल्या.

“नाही करत. पण होकार पहिल्यापासून शिकवावा लागेल. जो स्वतः तुम्हाला भीत नाही, ज्याच्यासमोर तिलाही तुमचा धाक वाटणार नाही, अशा माणसानं. तुमच्या घरात असं कोण आहे?”

आक्कांनी एकेक तोंड डोळ्यांपुढं आणलं. मग बाकावर बसलेल्या लेकाला हाक मारली.

“हिंदू, खरं सांग. तू भीतोस का रे मला?”

पन्नाशीचा हिंदुराव उठून उभा राहिला. आईला काय ऐकायचंय, ते तिच्या तोंडावर शोधत राहिला. मग म्हणाला, “न्हाई, आक्का.”