गाडीचं दावं

वसमतच्या मोंढ्यात, हळदीच्या बाजारात, खरेदीदार भावसिंग राठोडच्या नाकाला मोठा मान होता. हळदीच्या ढिगात हात घालून तो एक हळकुंड उचलायचा, कानाशी नेऊन मोडायचा आणि मग हुंगायचा. कट्ट वाजलं तर वाळलेलं, नुसतं वाकून तुटलं तर ओल. ओल लपवून कुणी माल आणलाच, तर तो कुबट वास त्याला पोत्याच्या तोंडाशीच लागायचा. हा माणूस सख्ख्या भावावरही विश्वास ठेवणार नाही, असं शेतकरी म्हणत, आणि ते फारसं खोटं नव्हतं. अशा या माणसानं अख्खी गाडी मात्र न हुंगता घेतली. जन्मभर ताक फुंकून पीत आला आणि दूध एका घोटात प्यायला!

त्याला कारण दिपा. भावसिंगची ही एकुलती एक पोर चौथीत होती आणि तिला दमा होता. कुरुंद्याजवळच्या त्यांच्या तांड्याभोवती सगळी हळदच. शिजवलेली, वाळवलेली हळद ढोलात घालून घासायला लागले की पिवळी धूळ घराघरात शिरायची आणि दिपाची छाती घरघरायला लागायची. त्या घरघरीचे सगळे चढउतार भावसिंगला पाठ होते. नांदेडच्या डॉक्टरांकडे तिला सारखं न्यावं लागे, आणि एसटीच्या खिडक्या काही मिटत नसत. मागच्या उन्हाळ्यात अर्ध्या वाटेत पोरीचे ओठ निळे पडले. भावसिंगनं तिला मांडीवर घेऊन काढलेला तो रस्ता तो कधी विसरला नाही. त्यानं त्या दिवशीच ठरवलं, की आता बंद काचांची, एसीची गाडी घ्यायची.

दोन हजार सहाच्या फेब्रुवारीत नांदेडच्या रामप्रसाद नावाच्या दलालानं गाडी दाखवली. पांढरी, मुंबई पासिंगची, आणि भाव असा की कुणालाही शंका यावी. आत मोगऱ्याचं अत्तर एवढं शिंपडलेलं होतं की नाक बधिर व्हावं. मालक परदेशी गेला, म्हणून घाईनं काढली, असं रामप्रसाद म्हणाला. भावसिंगच्या जिभेवर दहा प्रश्न आले होते. पण दिपा मागच्या सीटवर जाऊन बसली होती, काचा वर होत्या, एसी चालू होता, आणि पोरगी तोंड मिटून, नाकानं श्वास घेत होती. त्यानं तिथंच व्यवहार पक्का केला.

पहिले काही दिवस सोन्याचे गेले. मग मोगरा उडाला आणि त्याच्याखालचं वर आलं.

वास लगेच यायचा नाही. एसी लावून तांडा मागे पडला, कालव्याचा पूल ओलांडला की जाळीतून तो हळूच बाहेर पडायचा. आधी ओल्या गोणपाटासारखा, मग साचलेल्या पाण्याचा, आणि त्याच्या तळाशी आणखी काहीतरी, ज्याला भावसिंगच्या अनुभवी नाकालाही नाव देता येईना. त्याची बायको मिना पदर नाकाला लावून बसायची. भावसिंगचा संशय नेहमीप्रमाणे सगळ्यांवर फिरून आला. तांड्यातली पोरं चोरून गाडीत झोपतात का? मिना ओल्या भाजीची पिशवी विसरली का? शेवटी त्यानं वसमतच्या जलालुद्दीनचं गॅरेज गाठलं.

जलालुद्दीन पन्नाशीचा, हळू बोलणारा माणूस. त्यानं गाडी पाहण्याआधी गाडीखाली वाकून पाहिलं.

“भावसिंगभाऊ, एसी हवेतलं पाणी ओढून घेतो. ते पाणी नळीतून बराबर गाडीखाली पडायला पायजे. खाली पडलं न्हाई, तर समजायचं आतमंदी कुठंतरी साठून राहिलं. तेच नासतं.”

त्यानं समोरचं सगळं उघडलं. नळी करड्या गाळानं गच्च भरली होती. गाळ जाळीतही होता, सीटखालच्या जाजमाखालीही होता. बोटांवर घासून तो म्हणाला, की ही माती आपल्याकडची नाही आणि ही गाडी पाण्यात बुडालेली होती. गेल्या जुलैत मुंबईत जो पूर आला, त्यातल्या कितीतरी गाड्या धुऊनपुसून गावोगाव विकायला आल्या होत्या. तेव्हा भावसिंगला राग आला, पण खरं सांगायचं तर बरंही वाटलं. वासाला कारण सापडलं होतं. जलालुद्दीननं जाळी धुतली, नळी मोकळी केली, आणि घर जवळ आलं की एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवा, म्हणजे जाळी वाळते, असं बजावलं. सीटा काढून भावसिंगनं अंगणातल्या बाजांवर उन्हात टाकल्या. आत कडुलिंबाचा पाला ठेवला, कापूर जाळला. चैत्राच्या उन्हात सीटा तापून निघाल्या. आता एसी लावला की गाडीखाली टपटप पाणी पडायचं, आणि भावसिंग ते कौतुकानं बघत उभा राहायचा.

वास पुढच्याच फेरीला परत आला.

त्यानं रामप्रसादला फोन लावला. गाडी बुडालेली होती का, असं सरळ विचारलं. रामप्रसादनं आधी टाळाटाळ केली. मग म्हणाला, “बुडालेली होती, व्हय. काचा बंद होत्या, म्हणून आतून लई खराब झाली न्हाई.”

काचा बंद असताना आत कुणी होतं का, हे विचारायचं भावसिंगच्या ओठावर आलं होतं. त्याआधीच रामप्रसादनं फोन ठेवला, आणि त्यानंतर तो नंबर कधी लागला नाही.

दिपा सरकून बसते, हे पहिल्यांदा मिनाच्या लक्षात आलं. मागची सीट तिला एकटीला मोकळी असायची. सुरुवातीला ती आडवी पसरायची. आता मात्र उजव्या दाराला चिकटून, अंग चोरून बसायची. बसमध्ये शेजारी कुणी असलं की बसतात, तशी.

“काहून सरकलीस गं?” भावसिंगनं विचारलं.

“तिकडं ओलं हाय, बापू.”

त्यानं गाडी थांबवली आणि डाव्या बाजूला हात फिरवला. सीट कोरडी होती, उन्हानं तापलेली. पोरीची छाती साफ होती आणि नांदेडपर्यंत साफच राहिली. या गाडीत तिला एकदाही धाप लागली नव्हती. त्याच्या मनात कुठंतरी पाल चुकचुकू लागली होती, पण ज्यासाठी गाडी घेतली ते काम गाडी चोख करत होती, आणि म्हणूनच ती विकून टाकायचा विचार तो मनातच दाबून ठेवायचा.

जलालुद्दीननं दुसऱ्यांदा गाडी उघडली. या वेळी भावसिंग शेजारी उभा राहून पाहत होता, कारण हा माणूस मुद्दाम अर्धं काम करतोय की काय, अशीही शंका त्याला येऊन गेली होती. जलालुद्दीननं सगळं परत धुतलं. मग मागच्या सीटकडे गेला, आणि तसाच मागे सरला.

डाव्या बाजूच्या बेल्टच्या कडीला, सीटच्या फटीत आत दडलेला, निळा पट्टा बांधलेला होता. लहान लेकरांच्या पाण्याच्या बाटलीला असतो तसला. बाटली नव्हती. गाठ पाण्यानं फुगून दगड झाली होती.

“मागच्या टायमाला बी दिसला व्हता,” जलालुद्दीन म्हणाला. “मी हात लावला न्हाई. लेकराची गाठ हाय ती. आमची पोरगी गुलनाज अशीच बांधते, एकावर एक, एकावर एक.”

“सीटा तर मी काढल्या व्हत्या. मला कसा दिसला न्हाई?”

जलालुद्दीननं हत्यारं गोळा केली. त्यानं त्या दिवशी मजुरीही घेतली नाही, आणि भावसिंगला तेच सर्वात खटकलं.

घरी आल्यावर त्यानं ही गोष्ट आईच्या कानावर घातली. रुख्मिणीबाई अंगणात बसली होती. तिचे सासरे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलुखभर फिरलेले. गाडीतलं तिला काही कळत नसे, पण जनावरांच्या व्यवहारातलं सगळं कळे. तिनं ऐकून घेतलं आणि गोरमाटीत, त्यांच्या बंजारा बोलीत, विचारलं ते एवढंच, की दावं कसं काय आलं घरी?

बैल विकला तरी त्याचं दावं विकत नाहीत. ते जुन्या मालकाकडे राहतं, आणि घेणारा आपलं नवं दावं घालून बैल नेतो. चुकून जुनं दावं आलंच, तर ते मालकाच्या दारात टाकून यावं लागतं. नाहीतर जनावराचा जीव मागेच ओढत राहतो, चारा खात नाही, गोठ्यात टिकत नाही. हे भावसिंगलाही ठाऊक होतं. पण इथं मालक कोण, त्याचं दार कुठलं? रामप्रसादचा फोन लागत नव्हता. रुख्मिणीबाईनं थोडा विचार केला. मालकच सापडेना तेव्हा जुनं दावं कापून पाण्यात सोडायचं, आणि नवं आपल्या हातानं घालायचं, असं ती म्हणाली. भावसिंगला हसू आलं. गाडीला काय दावं घालायचं? पण कापूर जाळून झाला होता, पाला ठेवून झाला होता, तर हेही करून पाहू. आपलं काय जातंय, असं त्याला वाटलं, आणि चूक झाली ती इथं.

दिवेलागणीला त्यानं विळ्यानं पट्टा कापला. कापताना त्यातून पाणी गळलं. सगळ्या उन्हाळ्याचं ऊन खाल्लेल्या सीटवरचा पट्टा, आणि पाणी गळलं. त्यानं तो कालव्यात नेऊन सोडला. तोवर रुख्मिणीबाईनं अंबाडीचं नवं दावं काढून ठेवलं होतं. एक टोक तिनं गाडीतल्या त्या कडीला अडकवलं, सीटवर हळद-कुंकू वाहिलं, भाकरीचा तुकडा ठेवला. मग दाव्याचं दुसरं टोक धरून ती मागं मागं सरकत उंबऱ्यापर्यंत आली आणि नव्या बैलाला आणतात तसं तोंडानं चुचकारत राहिली. दाराशेजारी भिंतीत लाकडी खुंटा होता. दावं तिनं त्याला बांधलं.

“आजपून ह्यो खुंटा तुझा,” ती म्हणाली. “हे घर तुझं. हितलं पाणी तुझं.”

दिपा दारात उभी राहून बघत होती. ती बाजूला झाली आणि तिनं वाट दिली.

सकाळी गाडीतलं टोक सोडून दावं खुंट्यालाच गुंडाळून ठेवलं. नांदेडच्या फेरीला भावसिंगनं एसी लावला आणि पूल ओलांडताना श्वास धरला. काही नाही. थंड, कोरडी, बिनवासाची हवा. मिनानं पदर खाली घेतला. दिपा मागच्या सीटवर आडवी पसरली. डॉक्टरांनी छाती तपासली, परत तपासली आणि म्हणाले, की हिला आता माझी गरज नाही. भावसिंगला भर दवाखान्यात रडू आलं. येताना त्यानं पेढे घेतले आणि अर्धे जलालुद्दीनला दिले.

दुपारी मायलेकींना दारात सोडून तो तांड्यात पेढे वाटायला गेला आणि तासाभरानं परतला. उंबऱ्यात पाय ठेवला आणि थांबला.

ओलं गोणपाट. साचलेलं पाणी. आणि त्याच्या तळाशी ते.

तो रांजणाशी गेला, त्यावरचं कापड हुंगलं. स्वच्छ होतं. मोरी हुंगली, गोधड्या हुंगल्या. वास खुंट्यापासून सुरू होत होता आणि आतल्या खोलीकडे जात होता.

आत दिपा बाजेवर झोपली होती. एवढी रुंद बाज, आणि पोरगी पार कडेला, भिंतीला चिकटून. अंग चोरून.

खोलीत घरघर ऐकू येत होती.

भावसिंग खाली वाकला. दिपाचं तोंड मिटलेलं होतं. नाकाशी कान नेला. श्वास साफ, संथ.

घरघर बाजेच्या रिकाम्या बाजूनं येत होती.

त्यानं तिथं हात ठेवला. गोधडी भिजलेली होती.

तो बाहेर धावला आणि खुंट्यावरचं दावं सोडायला लागला. गाठ सुटेना. अंबाडी पाण्यानं फुगून दगड झाली होती. त्यानं जोर लावून ओढली.

आत दिपाला ठसका लागला.

त्यानं आणखी ओढली. ठसका वाढला, छाती वाजायला लागली. तो पळत आत गेला तेव्हा तिचे ओठ निळे पडत होते, त्या एसटीतल्यासारखे. त्यानं तिला उचलून धरलं. हळूहळू धाप उतरली. दाव्याला आता कुणाचाच हात नव्हता.

विळा कोनाड्यात होता. भावसिंगनं त्याच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. रुख्मिणीबाई हे सगळं दारातून पाहत होती. संध्याकाळी तिनं खुंट्याखाली एक गडू ठेवला, कारण दाव्याच्या टोकाचे थेंब जमिनीवर पडून चिखल होत होता.

पावसाळ्याआधी भावसिंग गाडी घेऊन जलालुद्दीनकडे गेला. वास गेलाय, तरी एकदा बघून घे, एवढंच म्हणाला. जलालुद्दीननं एसी लावून ठेवला आणि बराच वेळ गाडीखाली बघत बसला. गाडीत हिवाळा होता, आणि खाली जमीन ठणठणीत कोरडी होती. त्यानं नळी तपासली, मोकळी होती. जाजम दाबून पाहिलं, कोरडं होतं.

“अजब हाय, भाऊ,” तो म्हणाला. “पाणी तर बनतच असंल. मंग ते साठून कुठं राहिलं?”

भावसिंगनं किल्ली घेतली आणि घरी आला.

गडू काठोकाठ भरला होता. त्यानं तो अंगणात ओतला आणि जागच्या जागी ठेवला. आत दिपा कशाला तरी हसत होती, मोठ्यानं, एका दमात. तिचं हसू थांबलं, तरी आत कुणाला तरी धाप लागतच राहिली.