मारी-आंजेलिकचा मुलगा

बाबांच्या खुर्चीवर तो बसला होता.

चर्चच्या सभागृहातली, खिडकीजवळची खुर्ची. वीस वर्षं दर शनिवारी बाबा तिथे बसून चर्चच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या जुन्या नोंदवह्या चाळायचे. जानेवारीत ते गेले. त्यांचे कागद न्यायला मी आले, तर तिथे हा अनोळखी माणूस... बाह्या दुमडलेला, केसांत एप्रिलच्या पावसाचे थेंब.

“उठू का?” त्याने विचारलं.

“नको. खुर्ची माझी नाही.”

“मग तिच्याकडे इतकं रागाने का बघताय?”

मला हसू आलं. तीन महिन्यांत पहिल्यांदाच.

त्याचं नाव थियेरी. जवळच्या रिमूस्की शहरातल्या शाळेत तो इतिहास शिकवायचा आणि फेब्रुवारीपासून शनिवारी इथे लोकांना पूर्वज शोधून द्यायचा. मी त्याला सगळं सांगून टाकलं — का, कोण जाणे. जमीन गोठलेली, म्हणून बाबांची शवपेटी स्मशानातल्या दगडी खोलीत ठेवली होती. दफन मे महिन्यात, आणि थडग्याच्या दगडावरचा मजकूर त्याआधीच्या सोमवारपर्यंत द्यायचा होता. दगडावर आपल्या नावाखाली घराण्याच्या मूळ पुरुषाचं नाव कोरावं, एवढीच त्यांची इच्छा होती. पण वंशावळ १७८८ला अडली होती. जोसेफ सांसूसीच्या लग्नाची नोंद होती, बाप्तिस्म्याची नव्हती. “आभाळातून पडलाय लेकाचा,” बाबा म्हणायचे.

“त्यांनी सांसूसी सोडून दुसरं काही शोधलं?”

“आडनावच सांसूसी, तर दुसरं काय शोधणार?”

“अहो मार्जोलेन, हे तर सैनिकाला पलटणीत मिळालेलं टोपणनाव! घरचं वेगळं असायचं. एक भाऊ हे लावायचा, दुसरा ते. पुरुषांचा काही भरवसा नाही.”

“स्वतःबद्दल सांगताय?”

“मी... सुधारतोय.” त्याचे कान लाल झाले. “बायकांचं मात्र ठाम. लग्न होवो, दहा मुलं होवोत, पाद्री त्यांचं माहेरचंच नाव लिहायचा. आईला धरून शोधू या.”

लग्नाच्या नोंदीत जोसेफची आई होती — मारी-आंजेलिक पेल्तिए.

पुढचे तीन शनिवार मी मेपलच्या पाकाची वडी घेऊन गेले. तो ओळींवरून बोट फिरवायचा, पण शाईला कधी स्पर्श करायचा नाही. जन्मल्यावर आठवडाभरात गेलेल्या बाळांची नावंसुद्धा हलकेच उच्चारायचा, कुणीतरी त्यांना हाक मारायलाच हवी असल्यासारखी. मी वहीत कमी आणि त्याच्याकडे जास्त बघायचे.

चौथ्या शनिवारी त्याने वही माझ्यापुढे सरकवली. बाप्तिस्म्याची नोंद: जोसेफ बेरुबे. आई, मारी-आंजेलिक पेल्तिए. वडील, फ्रांस्वा बेरुबे — सैनिक.

हे पान बाबांनी दोनदा तपासलं होतं. त्यांच्या टिपणात तशी खूण होती. दोन्ही वेळा ते सांसूसी शोधत होते.

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. त्याने चहाचा कप माझ्या हाताजवळ ठेवला.

“बेरुबे ऊर्फ सांसूसी,” मी म्हणाले. “आणि शेजारी मारी-आंजेलिक. सोमवारी दगड कोरणाऱ्याला हेच सांगते.”

“एक कबूल करायचंय.” तो खाली बघत होता. “हे मला... गेल्याच शनिवारी सापडलं होतं.”

“काय?”

“सापडलं की तुम्ही येणार नाही, असं वाटलं. सोमवारची मुदत माहीत होती. त्यापलीकडे ताणलं नसतं. तरी चूकच.”

“चूकच,” मी म्हणाले. “बाबांनी वीस वर्षं वाट पाहिली, थियेरी.”

“माहीत आहे. रागवा.”

रागवायचं होतं मला. पण ज्या माणसाने मेलेल्या मुलांनाही हळू आवाजात हाक मारली, त्याच्यावर रागवायचं तरी किती?

“शनिवारी दफन आहे,” मी म्हणाले. “माझ्या शेजारी उभं राहायला कुणी नाही.”

त्याने मान वर केली. “कोण म्हणून उभा राहू? गाव विचारेल.”

“आमचं गाव विचारत नाही. परस्पर ठरवून मोकळं होतं.”

“आणि चुकीचं ठरवलं तर?”

मी कोट चढवला. बटणं लावायला जरा जास्तच वेळ लागला.

“नाही ठरवणार,” मी म्हणाले.