होनुसच्या नावावरचं लायसन

रोज सकाळी एक स्तोत्र म्हटल्याशिवाय मी कॉफीचा घोट घेत नाही. चाळीस वर्षांत हा नेम एकदाही मोडलेला नाही. त्याच तोंडाने हे सांगते आहे. यातला एक शब्दही माझ्या पदरचा नाही.

१० डिसेंबर २०१५. गुरुवार.

जागा टोर्सहावन. आमच्या फेरो बेटांच्या रेडिओची इमारत, तळमजल्यावरची जुन्या टेपांची खोली.

दुपारचे साडेतीन वाजले होते. बाहेर मिट्ट काळोख. घाबरू नका, आमच्याकडे डिसेंबरात तीनलाच दिवस बुडतो.

पण गोष्ट त्याआधी दोन महिने सुरू झाली.

आमचा रेडिओ घरोघरच्या लायसनच्या पैशावर चालतो. दर घरामागे एक लायसन, वर्षाला ठरलेली फी. त्या वर्षी वरून हुकूम आला. लोकांनी इतकी वर्षं पैसे भरले, तर लोकांचे आवाज लोकांना परत द्या. सगळ्या जुन्या टेपा नाताळच्या आत इंटरनेटवर चढवा. नाहीतर पुढच्या वर्षीच्या निधीला कात्री.

फक्त एक अट होती. टेपेत ज्या घरातला आवाज असेल, त्या घराची लेखी परवानगी हवी.

टेपा ऐकायचं काम माझ्याकडे आलं.

त्यात एक जुना कार्यक्रम होता, दर गुरुवारचा. दूर आइसलंडकडे मासेमारीला गेलेल्या माणसांना घरचे निरोप. रेडिओचा माणूस यंत्र घेऊन गावोगाव फिरायचा. शाळेत बायांची रांग लागायची. प्रत्येकीला अर्धा मिनिट.

आणि एक नियम असायचा. वाईट बातमी सांगायची नाही. इतक्या लांब, खवळलेल्या पाण्यावर माणसाचं मन खचलं तर हात चुकतो... असं म्हणत.

मार्च १९६१. स्वीनोय बेट.

मी हेडफोन लावला आणि एक ओळखीचा आवाज आला. कोवळा, एकवीस वर्षांचा. पण ओळखीचा.

"होनुस, मी एल्स्पा. घरी सगळं ठीक. मेंढ्या ठीक. छोटी बरी आहे. आत्ताच झोपलीय. तू काळजी करू नकोस."

माझी एल्स्पा मावशी. आईची धाकटी बहीण.

त्यानंतर शांतता.

नऊ सेकंद... पुढची बाई बोलायला येतच नव्हती. टेपेची नुसती खरखर.

मावशीचा नवरा होनुसकाका, त्याची बोट बुडाली हे मला माहीत होतं. तान्ही मुलगी गेली हेही माहीत होतं. पण कुठलं आधी, कुठलं नंतर, ते घरात कधी कुणी बोललं नव्हतं.

त्या शनिवारी मी बोटीने स्वीनोयला गेले.

मावशी दारातच उभी. "ये गं. रेडिओत नोकरी लागल्यापासून तुझा आवाज ऐकू येतो, तोंड काही दिसत नाही."

"मी कुठे बोलते रेडिओवर? मी तळघरात असते."

"मग तर तोंड दाखवायला सवडच सवड असेल."

तिने वाळवलेलं मटण कापलं, भाकरीवर आंबट रुबार्बच्या देठांचा मुरंबा लावला. तिची बोटं संधिवाताने वाकडी झालेली. सुरीसुद्धा मुठीत धरून चालवत होती. खिडकीत तिचा जुना रेडिओ, वर क्रोशाचा रुमाल. मागे भिंतीवर लायसनचा कागद.

नाव : होनुस.

"मावशी, अजून काकाच्याच नावावर?"

"माणूस सापडला का? नाही ना? मग नाव कसं काढू?"

चोपन्न वर्षं ती त्याच्या नावाने फी भरत होती.

मी टेपेचं सांगितलं. तिचा हात थांबला.

"नको."

"अगं, सगळ्या घरांचे आवाज..."

"नको म्हटलं ना, मारिन."

मग ती उठली. कोपऱ्यात पाळणा होता, लाकडी. आता त्यात लोकरीचे गुंडे. ती त्याच्यापाशी जाऊन बसली.

"छोटीला रविवारी पुरलं होतं," ती म्हणाली. "रेडिओवाला मंगळवारी आला."

मी हातातली भाकरी खाली ठेवली.

"रांगेतल्या सगळ्या बायांना ठाऊक होतं. सगळ्या पुरायला आल्या होत्या. मी यंत्रापुढे बसले आणि म्हणाले, छोटी बरी आहे, झोपलीय. कुणी मान वर केली नाही. पुढची उठेचना. तेवढी शांतता आहे का गं टेपेत?"

"आहे. नऊ सेकंद."

"मला तर ती तेव्हापासून संपलेलीच नाही."

गुरुवारी निरोप वाजला. शुक्रवारी पहाटे त्याची बोट, 'हेल्गा मारिया', आइसलंडच्या दक्षिणेला बुडाली. अठरा माणसं. एकही हाती लागलं नाही.

"त्याने ऐकलं असेल, तर खोटं ऐकून गेला," मावशी म्हणाली. "नसेल ऐकलं, तर काहीच न ऐकता गेला. यातलं बरं कुठलं, तू सांग. तू रोज देवाचं वाचतेस."

 

तिने घरातलं बायबल काढलं. पहिल्या पानावर होनुसकाकाच्या अक्षरात मुलीचं नाव आणि जन्मतारीख. सुन्निवा. खाली त्याची सही. त्यातला पहिला 'एच' खाली वळलेला, माशाच्या गळासारखा.

मृत्यूची तारीख कुणीच लिहिली नव्हती.

"दहा दिवस बघितलं त्याने तिला. कामाचे हात, गाणं येईना मेल्याला. मग पाळण्याच्या लाकडावर नखाने वाजवायचा." तिने वाकड्या बोटाने वाजवून दाखवलं.

टक् टक्... टक् टक्...

दोन ठोके आणि एक श्वासाएवढी जागा. वल्ह्यासारखं.

"तू लावू नकोस ती टेप. जग म्हणेल, पोटच्या पोरीबद्दल खोटं बोलली. आणि तो... तो जिथे असेल तिथे पुन्हा तेच खोटं ऐकेल."

मी वचन दिलं. परत आल्यावर त्या टेपेवर लाल चिठ्ठी लावली. परवानगी नाही.

डिसेंबर उजाडला. उत्तरेकडून वादळ आलं. स्वीनोयची बोट बंद, हेलिकॉप्टर बंद. नऊ दिवस बेटावर ना माणूस गेला, ना टपाल.

१० तारखेला, गुरुवारी दुपारी, लायसन विभागातला तुम्मास खाली आला. जिभेला हाड नसलेला माणूस.

"मारिनताई, तुमच्या काकांचं अक्षर झकास आहे हो! आजकालच्या पोरांना जमेल का असं?"

"कुठले काका?"

त्याने कागद पुढे केला.

परवानगीची पत्रं लायसनच्या यादीवरून आपोआप गेली होती. ज्याचं नाव यादीत, त्याच्या नावाने पत्र. स्वीनोयचं पत्र होनुसच्या नावाने गेलं होतं.

आणि ते भरून परत आलं होतं.

परवानगी आहे का? हो.

खाली सही. गळासारखा वळलेला 'एच'.

कागद ओलसर होता. शाई कडेला पसरलेली.

"पाकीट कुठंय?"

"पाकीट नव्हतं. सकाळी ऑफिसची टपालपेटी उघडली तर वरच पडलं होतं. थोडं भिजलंय, पण वादळ किती आहे बघा ना! मी आत्ताच नोंद करून आलो. तुमचंच काम हलकं केलं."

नोंद झाली की टेप आपोआप वर चढते, अशी व्यवस्था होती.

मी धावत संगणकाकडे गेले. टेप चढलेली होती. दहा मिनिटांपूर्वी.

मी मावशीला फोन लावला.

"मावशी, आमचं पत्र आलं होतं का तुला? तू सही करून पाठवलंस?"

"कसलं पत्र? नऊ दिवस पोस्टमन बघितला नाही. आणि सही? अगं, मला चमचा धरवत नाही."

"शेजारच्या कुणी..."

"अख्ख्या गावात आज पाच माणसं आहेत. दोघं आंधळी. काय झालं, पोरी?"

माझ्याने खोटं बोलवेना. सगळं सांगितलं.

 ती हळूच म्हणाली, "लाव. फोन यंत्रापाशी धर. मलाही ऐकू दे."

"मावशी, मी काढून टाकते..."

"त्याने हो म्हटलंय ना? मग लाव."

मी फोन स्पीकरपाशी धरला. कळ दाबली.

"...छोटी बरी आहे. आत्ताच झोपलीय. तू काळजी करू नकोस."

मग ती शांतता.

खरखर... एक सेकंद. दोन. तीन.

टक् टक्.



टक् टक्... टक् टक्...

लाकडावर नख. संथ. मध्ये श्वासाएवढी जागा.

आणि त्याच्याही मागून, अगदी बारीक... तान्हं बाळ झोपेत करतं तसा एक हुंकार.

टेप संपली.

मी फोन कानाला लावला. 

"मावशी?"

"तोच आहे," ती म्हणाली. ती रडत होती. इतक्या वर्षांत मी तिला रडताना ऐकलं नव्हतं. "तोच आहे गं. आणि ती त्याच्यापाशी आहे."

"मावशी..."

"म्हणजे मी खोटं नाही बोलले. झोपलीच होती ना ती?" हा प्रश्न तिने मला विचारला नव्हता.

जरा वेळाने नाक ओढत ती म्हणाली, "काढू नकोस. राहू दे. मला आता बातम्या ऐकायच्यात, ठेव फोन."

मी तुम्मासला हाक मारली. त्याच्यापुढे टेप पुन्हा लावली. तो मान तिरकी करून ऐकत राहिला.

"खरखर आहे नुसती," तो म्हणाला. "काय ऐकायचंय?"

मूळ टेप काढून मोठ्या यंत्रावर लावली. तिच्यातही काही नाही. नऊ सेकंद खरखर.

पण संगणकावर मी जेव्हा जेव्हा लावते, तेव्हा मला ते ठोके ऐकू येतात. आणखी कुणालाही येत नाहीत. मावशीला आले, मला येतात.

पुढे मावशी दर गुरुवारी दुपारी फोन करायची. "लाव," एवढंच म्हणायची. मी लावायचे. ती ऐकायची, फोन ठेवायची.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी तिचा फोन आला नाही.

शेजाऱ्यांनी दार उघडलं तेव्हा ती पाळण्यापाशी खुर्चीत होती. रेडिओ चालू. लोकरीचे गुंडे सगळे नीट जमिनीवर काढून ठेवलेले. पाळणा रिकामा.

तिला छोटीशेजारी पुरलं. मीच घर आवरलं. वीज तोडली. रेडिओ मी माझ्याकडे आणला. दाराला कुलूप लावलं, किल्ली माझ्या गळ्यात.

लायसन रद्द करायचा अर्जसुद्धा मीच लिहिला. तुम्मासच्या टेबलावर ठेवला.

"राहू द्या, ताई," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती. "आधी हे बघा. सकाळी पेटीत वरच होतं."

लायसनचं वर्षाचं कार्ड. घरोघर जातं आणि भरून परत येतं ते. स्वीनोयच्या कुलूपबंद घराच्या पत्त्यावर गेलेलं.

ओलं होतं. खाऱ्या पाण्याचा वास येत होता.

खाली तीच सही. गळासारखा 'एच'.

घरात रेडिओ आहे का? हा रकाना कोरा होता.

घरात माणसं किती?

तीन.

ते कार्ड मी माझ्या स्तोत्रांच्या पुस्तकात ठेवलं आहे. रद्द करायचा अर्ज फाडून टाकला. फी आता मी भरते, त्याच्याच नावाने.

मी चूक केली की बरोबर, मला कळत नाही. रोज सकाळी त्या तिघांसाठी एक स्तोत्र जास्त म्हणते.

पण पुस्तक उघडते तेव्हा ते पान अजून ओलंच असतं...

आणि मावशीचा रेडिओ माझ्या खिडकीत आहे. तो मी कधीच लावत नाही. एवढंच की गुरुवारी दुपारी, साडेतीनच्या सुमाराला, मी त्या खोलीत थांबत नाही.