भरल्या घराचा निरोप

अकोल्याच्या गर्भपोषण केंद्रात दर मंगळवारी वर्ग भरायचा. नाव आयांचं, पण शिकायचं होतं ते पोटातल्या बाळानं. आईनं फक्त सांगितलेलं, सांगितल्या वेळी खायचं.

दुसऱ्यांदा गरोदर असलेली मंजिरी गावंडे पहिल्याच दिवशी दारात घुटमळली. सहा वर्षांचा ओजस तिचा हात धरून उभा होता आणि आतल्या बाया त्याच्याकडे टक लावून बघत होत्या. बघणारच की! एवढं लठ्ठ मूल आता शहरात शोधून सापडत नव्हतं. शाळेत त्याला 'गोदाम' म्हणायचे. जिना चढताना तो मध्येच धापा टाकत बसायचा, आणि आता रक्तातली साखरही वाढलेली निघाली होती.

"डॉक्टर, मी ह्याला कधी कोंबून खाऊ घातलं नाही हो," मंजिरी बसता बसताच म्हणाली. "लोकांना मात्र तसंच वाटतं."

"ह्याच्या वेळी उलट्या होत होत्या का?" डॉ. अन्वया देवपुजारींनी विचारलं.

"अहो, पाच महिने! पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हतं."

"मग बरोबर आहे."

डॉक्टरांनी समजावलं ते असं. गर्भाला बाहेरचं जग दिसत नाही. ते कसं आहे हे त्याला कळतं नाळेतून येणाऱ्या अन्नावरून. आईला चौरस आणि वेळेवर मिळत असेल, तर बाळ समजतं की बाहेर सुबत्ता आहे, साठवायची गरज नाही. आई उपाशी राहिली की ते धसका घेतं. बाहेर दुष्काळ आहे, मिळेल तो कण चरबीत टाका! बाळाची भूक, त्याचं यकृत, सगळं त्या अंदाजावर घडतं. 'दोन जीवांची' म्हणून दुप्पट गोडधोड खाल्लं तरी बिघडतंच, पण ते वेगळ्या तऱ्हेनं. आईकडून बाळाला जाणाऱ्या ह्या बातमीला केंद्रात 'गर्भनिरोप' म्हणत. सातवा महिना सरला की तो कायमचा पक्का व्हायचा.

"ओजसला दुष्काळाचा निरोप गेला आणि तो जन्मला भरल्या घरात," डॉक्टर म्हणाल्या. "त्याचं शरीर अजून दुष्काळाची वाट बघतंय. ह्यात तुमची काही चूक नाही."

मंजिरीला रडूच फुटलं. एवढ्या वर्षांत हे कुणी तिला म्हणालं नव्हतं.

मग ती इरेला पेटली. नाचणी, डाळी, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे, कशानंतर काय खायचं हे सगळं तिनं पाठ केलं. दर आठवड्याला पोटावर यंत्र ठेवलं की पडद्यावर हिरवा दिवा लागायचा. हिरवा म्हणजे भरल्या घराचा निरोप. "हे बाळ तरी सुटलं बाई माझं," ती घरी येऊन म्हणायची.

सहाव्या महिन्यात वादळ आलं. घरोघरी जेवण पोचवणारी ड्रोन दोन दिवस उडालीच नाहीत, आणि घरात दाणे साठवायची सवय तर कधीच मोडली होती. मंजिरीच्या इमारतीतली मुलं खालच्या हॉलमध्ये सतरंजीवर गोळा केली. सगळी सडपातळ, चपळ, ह्याच वर्गातून शिकलेली. दुसऱ्या दिवशी एकेकाचे हातपाय गार पडायला लागले, काहींची शुद्ध हरपली. अंगात साठाच नव्हता ना! पाण्याच्या बाटल्या घेऊन त्यांच्यामधून फिरत होता एकटा ओजस.

जेवण वेळेत आलं, मुलं वाचली. पण मंजिरी तडक डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर स्वतः केंद्राच्या पहिल्यावहिल्या वर्गातल्या आईची मुलगी, म्हणजे भरल्या घराच्याच. दोन दिवसांच्या उपासानंतर त्या अजून भिंतीला धरून चालत होत्या.

"अर्धाअर्धा निरोप देता येतो का?"

"नाही. शरीर एकच जग धरून चालतं."

"मग असं वादळ परत येणार का, तेवढं सांगा."

"मी आहार सांगते मंजिरीताई, भविष्य नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी मंजिरीनं ताट बाजूला सारलं. तिसऱ्या दिवशीही. ओजस बघत होता.

"बाळाला माझ्यासारखं करतेस?"

"तू किती धीराचा आहेस रे! त्या दोन दिवसांत सगळे पडले, तू नाही पडलास."

"ते दोनच दिवस होते ना," ओजस म्हणाला. "शाळा रोज असते."

 मंजिरीनं ताट ओढलं आणि डोळे पुसत जेवायला लागली. ओजस तिला चिकटून बसला. "परत तसं झालं तर मी देईन बाळाला पाणी," तो म्हणाला.

मंगळवारी तिनं ओजसचं हे बोलणं वर्गात सांगितलं. बाया घाबरल्या होत्या, त्यांना जरा धीर यावा म्हणून. ओजस शेजारीच बसला होता. सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या. मग मागून कादंबरी तायडे उठली. तिची चार वर्षांची मुलगी त्या हॉलमध्ये बेशुद्ध पडली होती.

"डॉक्टर, माझी पहिली भरल्या घराची आहे. पोटातल्या ह्या दुसऱ्याला दुष्काळाचा निरोप देता येईल का? पहिलीला सांभाळायला घरात कुणीतरी हवं हो."

मंजिरीनं ओजसला जवळ ओढलं आणि डॉक्टरांकडे पाहिलं. त्या आता चिडून नाही म्हणतील, ह्याची तिला खात्री होती.

डॉक्टरांनी समोरची वही ओढली. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला कितवा महिना चाललाय?"