डबीतल्या बॅटऱ्या

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण खाली "ताई, कल्पनाशक्ती भारी आहे" असल्या कमेंट टाकू नका. ज्याच्या घरी हे घडलं तो चंद्रहास माझा मावसभाऊ. या विषयावर बोलताना अजूनही त्याचा आवाज खाली येतो.

साल २०१८. जुलै महिना, म्हणजे इथला ऐन हिवाळा. न्यूझीलंडमधलं हॅमिल्टन.

आणि हो, या गोष्टीत मध्यरात्र नाही, अमावास्या नाही. जे झालं ते दिवसाढवळ्या झालं.

म्हणूनच मला जास्त भीती वाटते.

चंद्रहास दूध पावडरच्या कारखान्यांना मशिनरी पुरवणाऱ्या कंपनीत इंजिनियर. पंधरा वर्षं सिगारेट ओढत होता. एक दिवस त्याच्या चार वर्षांच्या इराने खडू ओठांत धरला आणि डोळे मिटून फुंकर सोडली. त्या दिवशी त्याने सिगारेटच्या नावाने कानाला खडा लावला आणि वेप, म्हणजे बॅटरीवरची ई-सिगारेट, घ्यायला गेला.

दुकानातल्या दाढीवाल्याने "किया ओरा" म्हणून स्वागत केलं आणि सांगितलं, "ब्रो, तू नवा आहेस. लहान मशीनपासून सुरुवात कर."

आमचा चंद्रहास कसला ऐकतोय! घ्यायचं तर दणदणीतच. दोन बॅटऱ्यांचं, ढगासारखा धूर काढणारं मशीन घेतलं. वर दोन जादा बॅटऱ्या. बोटाएवढ्या लांब, अंगठ्याहून जाड, हिरव्या प्लास्टिकचं पातळ वेष्टन घातलेल्या.

दुकानदाराने पुन्हा समजावलं. सुटी बॅटरी खिशात टाकायची नाही. किल्ल्यांबरोबर नाही. धातूच्या जवळ तर अजिबात नाही. वेष्टन फाटलं तर ती बॅटरी वापरायची नाही. त्याने एक प्लास्टिकची पेटीही फुकट दिली.

"स्वीट अ‍ॅज," म्हणजे एकदम मस्त, असं म्हणून चंद्रहास निघाला. प्लास्टिकच्या पेटीत इराने मणी भरले. आणि जादा बॅटऱ्या चंद्रहासने ठेवल्या सुधाकरकाकांच्या डबीत.

हे सुधाकरकाका म्हणजे त्याच्या वडिलांचे थोरले भाऊ, मिरजेचे. डबी तंबाखूची, पितळेची, तळहातभर. एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना. काका त्या डबीला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत, काकूंनासुद्धा नाही. ते गेल्यावर काकूंनी ती चंद्रहासला दिली. याने ती घासूनपुसून आठवण म्हणून जपली होती. उंटावरचा शहाणा इंजिनियर! धातूजवळ नको म्हटलं तर याने धातूच्या आतच ठेवल्या.

वल्लरीने, म्हणजे त्याच्या बायकोने, घरात वेप ओढायला बंदी केली होती. म्हणून डबी आणि मशीन गॅरेजमध्ये, अवजारांच्या फळीवर.

पहिल्यांदा झालं ते एका मंगळवारी.

कामावरून साडेचारला आला. गॅरेजमध्ये गेला. डबी बंद होती. उघडली...

रिकामी.

दोन्ही बॅटऱ्या फळीवर उभ्या होत्या. एक या टोकाला, एक त्या टोकाला.

आपणच विसरलो असू, म्हणून त्याने त्या परत डबीत ठेवल्या.

बुधवारी पुन्हा तेच.

गुरुवारी पुन्हा. त्या दिवशी गॅरेजमध्ये एक वासही होता. ओल्या तंबाखूचा.

त्याने वल्लरीला विचारलं. ती हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट, सहाला दमून येते. ती भडकलीच. "तुझ्या त्या धुराड्याला हात लावायची मला हौस नाहीये. आणि मी दिवसभर घरात असते का?"

खरंच की. दिवसभर घरात कोण असतं?

अप्पा!

अप्पा म्हणजे वल्लरीचे वडील, विश्वनाथ. पुण्याहून तीन महिन्यांसाठी आले होते. बायको गेल्यावर पहिल्यांदाच घराबाहेर पडलेले. टेलिफोन खात्यातून निवृत्त, अबोल माणूस. दुपारी इराला बालवाडीतून चालत आणायचे. बाहेर पाऊस असला की ती गॅरेजमध्येच स्कूटर फिरवायची आणि अप्पा खुर्ची टाकून बसायचे.

चंद्रहासच्या मनात पाल चुकचुकली. म्हातारा चोरून तंबाखू खातोय. आणि खातोय तो माझ्या काकांच्या डबीतून!

शुक्रवारी त्याला डबीच्या काठावर एक पांढरा, ओला ठिपका दिसला. बोटाला लावून बघितला.

चुना होता.

आता गॅरेजमध्ये ताजा चुना कुठून येणार? शनिवारी अप्पा फिरायला गेल्यावर याने त्यांची बॅग उपसली. सांगायला लाज वाटते, पण उपसली. रक्तदाबाच्या गोळ्या. लोकरी कानटोपी. सासूबाईंचा फोटो, रुमालात गुंडाळलेला. तंबाखूची पुडी कुठेच नाही.

"बाबा, दॅट्स आजोबाज बॅग," इरा दारातून म्हणाली.

त्याने चेन लावली. बॅगेत काही नाही म्हणजे म्हाताऱ्याने दुसरीकडे लपवलंय, असं त्याचं म्हणणं. संशय एकदा मानगुटीवर बसला की असंच होतं.

सोमवारी निघताना त्याने घरातून गॅरेजमध्ये उघडणारं दार कुलूप लावून बंद केलं आणि किल्ली बरोबर नेली. ऑफिसात लक्ष लागेना. तीन वाजता डोकं दुखतंय सांगून तो निघाला.

घरात शिरला. इरा सोफ्यावर झोपली होती. अप्पा दिसत नव्हते.

गॅरेजच्या दाराशी गेला. कुलूप तसंच होतं. त्याने कान लावला...

आतून आवाज येत होता.

खर्र... खर्र... खर्र...

अंगठ्याने तळहातावर तंबाखू मळल्याचा. बारीक, सावकाश.

मग दोन टाळ्या. टप. टप. चुन्याची भुकटी झाडायला मारतात तशा.

चंद्रहासने दार उघडलं.

आत कुणीच नव्हतं.

मोठं शटर खाली होतं. वास मात्र घमघमत होता. बॅटऱ्या फळीवर उभ्या. दोन टोकांना दोन.

पाठीमागे पाऊल वाजलं. तो गर्रकन वळला. अप्पा उभे होते. हातात गॅरेजची दुसरी किल्ली, स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरची. आतला आवाज विसरून चंद्रहासला तेवढी किल्लीच दिसली.

"अप्पा, हे काय चाललंय?" चंद्रहासचा तोल गेला. "माझ्या वस्तूंना हात लावता. तंबाखू खाता. घरात लहान मूल आहे! तिच्यापायी मी सिगारेट सोडली आणि तुम्ही..."

अप्पा चंद्रहासकडे बघतच नव्हते. त्याच्या खांद्यावरून पलीकडे, आत बघत होते.

मग त्यांनी किल्ली खाली ठेवली. दोन्ही हात जोडले.

"हो," ते म्हणाले. "मीच."

दुसऱ्याच दिवशी ते ऑकलंडला धाकट्या लेकीकडे, जुईकडे, निघून गेले. चोरून तंबाखू खाल्ली म्हणून वल्लरीही बापावर रुसली होती. तिने त्यांना बसमध्ये बसवून दिलं आणि मागे वळूनही पाहिलं नाही. इरा मात्र दोन दिवस जेवली नाही.

आणि त्यानंतर?

काही नाही.

बॅटऱ्या डबीतून हलल्या नाहीत. वास नाही. आवाज नाही.

"बघ, म्हटलं नव्हतं?" चंद्रहास वल्लरीला म्हणाला.

असे बारा दिवस गेले.

तेराव्या दिवशी रविवार होता. सकाळचे अकरा. इरा जांडल, म्हणजे रबरी सपाता, घालूनच स्कूटर घ्यायला गॅरेजमध्ये निघाली. वल्लरीने तिला हाक मारली, "पाय गारठतील. आधी मोजे घाल." पोरगी कुरकुरत मागे फिरली.

डावा मोजा चढला. उजवा चढायचा होता. आणि...

धाड!

मग फुसकारा. मग आणखी एक धाड.

चंद्रहासने दार उघडलं तर आत पांढरा, घशाला झोंबणारा धूर. फळी पेटली होती. डबीचं झाकण उडून छतात रुतलं होतं. फळीखाली इराची स्कूटर, तिच्या मुठीवर टांगलेलं हेल्मेट. हेल्मेटला आग लागली होती.

तो नुसता बघत राहिला. वल्लरीने फायर ब्रिगेडला फोन केला. आग विझली, घर वाचलं.

आलेल्या अधिकारी बाईंनी ती वाकडी झालेली डबी चिमट्यात धरून विचारलं, "बॅटरीचं वेष्टन फाटलं होतं का?"

"थोडंसं. एकीचं. वरच्या बाजूला. मी चिकटपट्टी लावली होती."

बाईंनी डोळे मिटून घेतले. मग समजावलं. बॅटरीच्या डोक्यावरची टिकली तेवढी प्लस, बाकी सगळं अंग मायनस. मध्ये फक्त ते पातळ वेष्टन. ते फाटलेलं आणि भोवती पितळ. बॅटरी जरा घरंगळली की शॉर्ट.

"किती दिवस ठेवल्या होत्या अशा?"

"महिना झाला असेल."

"मग हे पहिल्या आठवड्यातच व्हायला हवं होतं. तुमचं नशीब."

चंद्रहासला एकदम आठवलं. नशीब कसलं? कुणीतरी रोज त्या बॅटऱ्या बाहेर काढत होतं. एकमेकींपासून लांब, उभ्या करून ठेवत होतं. टेलिफोन खात्यात आयुष्य गेलेला माणूस! त्याला कळलं असणार. जावयाला शिकवायला नको, म्हणून गुपचूप काढून ठेवत असणार. आणि आपण त्याच्यावर आळ घेतला.

त्याने तिथूनच अप्पांना फोन लावला. बोलताना रडू आवरेना.

"अप्पा, माझं चुकलं. तुम्ही बॅटऱ्या रोज बाहेर काढत होतात म्हणून इरा वाचली."

"मी नाही हो चंद्रहासराव," अप्पा हळूच म्हणाले. "मी तुमच्या बॅटऱ्यांना कधी हात लावला नाही."

"मग 'हो, मीच' का म्हणालात?"

"तुमच्या मागे ते उभे होते ना."

"कोण?"

"मला काय माहीत? खाकी अर्धी विजार. कानात अत्तराचा फाया. एका डोळ्यात फूल पडलेलं. मी आलो त्या आठवड्यापासून रोज दुपारी दिसायचे. तंबाखू मळत बसायचे."

सुधाकरकाका! त्याच्या लग्नाआधी दोन वर्षं ते गेले होते. अप्पांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, फोटोतसुद्धा नाही.

"मला पोरीसाठी भीती वाटली," अप्पा सांगत होते. "ती तिथेच खेळायची. तुम्हाला सांगितलं असतं तर म्हणाला असतात, म्हातारा चळला. म्हणून म्हटलं, आळ येतोय तर येऊ दे माझ्यावर. मी इथून जातो आणि यांनाही घेऊन जातो. हात जोडून मनात म्हटलं त्यांना, चला माझ्याबरोबर."

"मग?"

"आले की."

वल्लरी म्हणते, काकांनी पोरीला वाचवलं. अप्पांनी त्यांना नेलं आणि तेराव्या दिवशी आग लागली, आणखी काय पुरावा हवा? चंद्रहासला ते पटत नाही. काका कुणाला वाचवणाऱ्यातले नव्हते, असं तो म्हणतो. त्यांना त्यांची डबी रिकामी हवी होती, एवढंच. डबी मिळाली नसती तर त्यांनी पुढे काय केलं असतं, ते आपल्याला माहीत नाही.

मलाही माहीत नाही.

त्या दिवशी फोनवर तो म्हणाला होता, "अप्पा, परत या. आत्ता गाडी काढतो."

"येईन की. इराशिवाय मला करमत नाही," अप्पा म्हणाले. मग जरा थांबले. "पण मी आलो की तेही येतील. आत्ता इथेच बसलेत, जुईच्या बाल्कनीत. तुम्ही सांगा. येऊ?"

चंद्रहासने दिवाणखान्याकडे बघितलं. इरा एक मोजा घालून बसली होती.

तो तिच्याजवळ गेला आणि तिचा दुसरा मोजा चढवायला लागला.

अप्पा ऑकलंडहूनच पुण्याला परत गेले. त्याला आता वर्ष झालं. वल्लरी त्यांचं तिकीट काढायचं म्हणते आणि चंद्रहास दर वेळी काहीतरी कारण काढतो. घरात प्लास्टिकच्या पेट्या आल्या, वेप गेलं, गॅरेजला नवा रंग लागला. तेवढं तिकीट काढायचं राहिलंय.

दर रविवारी इरा आजोबांना व्हिडिओ कॉल करते. दर रविवारी विचारते, "आजोबा, व्हेन आर यू कमिंग?"

अप्पा हसतात. एकदा शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघतात.

"तुझ्या बाबाला विचार," म्हणतात.