हिरव्या रंगाखालचं नाव

तिसरा दगड बद्रीनाथ शेठच्या लोखंडी फाटकावर आदळला, तेव्हा बन्सीनं जोहराचा हात धरला.

"फाटकाला काय नाय व्हणार. तुझाच खांदा निखळंल."

"निखळू दे," म्हणत जोहरानं चौथा दगड उचलला.

मे महिन्याची सुट्टी लागून आठच दिवस झाले होते. जोहरा, तिची दहा वर्षांची बहीण फहमिदा आणि शेजारच्या मळ्यातला बन्सी, तिघांनी सायकलींवरून वेरूळला जायचं पक्कं केलं होतं. सोमवारी त्या बेतावर पाणी पडलं.

जोहराचे अब्बा, निजामुद्दीन, म्हणजे पडेगावातले सगळ्यात चांगले सुतार आणि रंगारी. नव्या लाकडाला जुनं रूप द्यावं तर त्यांनीच. आधी तांबड्या रंगाचा हात, तो वाळला की कडाकोपऱ्यांवर मेणबत्ती घासायची, मग वरून हिरवा हात. मेण असेल तिथे हिरवा रंग पकड घेत नाही. वाळल्यावर गोणपाटानं घासला की तेवढाच निघून येतो आणि खालचा तांबडा डोकावतो. शेवटी काजळी कालवलेलं मेण चोळलं की कालची पेटी पणजोबांची वाटायला लागते. "जुनं दिसावं म्हणून करतो," अब्बा म्हणायचे, "जुनं आहे असं सांगायला नाही."

जुनं सामान विकणारा बद्रीनाथ शेठ, अब्बांचा मालक, मात्र नेमकं तेच सांगत होता. वेरूळला लॉज चालवणाऱ्या वच्छलाबाईंना त्यानं अब्बांनी केलेलं नवं कपाट 'अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनच्या आधीचं, जहागीरदारांच्या हवेलीतलं' म्हणून विकलं. बाईंना कपाटाच्या पाठीला कोरं प्लायवूड सापडलं. त्या जाब विचारायला आल्या, तर शेठनं पडेगावच्या नाक्यावर, भर गर्दीत, अब्बांकडे बोट दाखवलं. "मी अस्सल कपाट पॉलिशला दिलं होतं. ह्या चोरानं ते परस्पर विकलं आन तसलंच दुसरं करून ठेवलं." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

अब्बा मुळातच कमी बोलणारे. त्या वेळी तर त्यांच्या तोंडून शब्दच फुटेना, आणि लोकांना वाटलं, माणूस कबूल झाला. त्यांचं काम गेलं. काम गेल्याचं त्यांना इतकं वाटलं नाही. पण नाक्यावर चहाची टपरी चालवणारे कमरोद्दीन चाचा, अब्बांचे लहानपणापासूनचे दोस्त, त्यांनीही सलाम न घेता मान फिरवली. तेव्हापासून अब्बा घरात भिंतीकडे तोंड करून पडून होते. ते पाहून जोहराच्या तळपायाची आग मस्तकात जात होती.

चौथा दगड सुटणार इतक्यात फहमिदा कुंपणाकडून पळत आली.

"आपा, आत अब्बांची पेटी आहे! मागच्या महिन्यात बनवलेली. तांबडा हात मारून ठेवलाय तीच. शेठ त्या नव्या रंगाऱ्याला, कडूबाला सांगत होता, उद्या दुपारून हिरवा मार, रविवारी वेरूळची बाई कपाटाच्या बदल्यात ही घ्यायला येणार. तिला म्हणे सांगायचं, ही खरी जुनी, माझ्याच कोठीत कुलपात होती, निजामुद्दीनचा हात लागलेला नाही."

जोहरानं दगड टाकून दिला. शेठची एक सवय तिला पक्की ठाऊक होती. गिऱ्हाईक आलं की तो स्वतः गोणपाट घेऊन रंग घासून दाखवायचा. 'बघा, जुना रंग कसा झडतो,' असं म्हणत मिशीला पीळ द्यायचा.

"बन्सी, घरात मेणबत्ती आहे का?"

"हाय की. पण आपली लाइट कुठं गेलीय?"

"लाइट नाही, शेठ जायचाय," जोहरा म्हणाली.

बुधवारी भर दुपारी कडूबा भाकरी खाऊन घोरायला घरी गेला. रंगाचा वास जावा म्हणून शेठच्या शेडची मागची खिडकी सताड उघडी होती. फहमिदा बाहेर राखणीला बसली. जोहरा आणि बन्सी आत उतरले.

पेटी समोरच होती. अब्बांनी दोन आठवडे खपून केलेली. तिच्यावरून हात फिरवताना जोहराचे दात आवळले गेले.

"'शेठ चोर हाय' असं लिही," बन्सी कुजबुजला. "मोठ्या अक्षरात."

"शिवी दिली की तो म्हणेल, पोरांनी खोडी काढली. खरं असेल तेच लिहायचं."

तिनं झाकणाच्या मधोमध मेणबत्ती दाबून लिहायला सुरुवात केली. प्रत्येक अक्षर दोनदा गिरवलं. सरळ पाहिलं तर काहीच दिसत नव्हतं. तिरकी मान केली तरच बारीक चमक दिसत होती.

बाहेर फहमिदा खोकली. मग पुन्हा खोकली, या वेळी टी.बी. झाल्यासारखी.

"कडूबा आला! पळ."

दोघं खिडकीतून बाहेर पडले आणि जोहरानं मागे वळून पाहिलं. मेणबत्तीचा तुकडा झाकणावरच राहिला होता! फटीतून तिघं श्वास रोखून बघत राहिले. कडूबानं तो तुकडा उचलला, उलटसुलट पाहिला.

"इथंच ठेवली व्हती व्हय मी," असं पुटपुटत त्यानं त्याच तुकड्यानं पेटीच्या कडा घासल्या. बिडी पेटवली आणि झाकणाकडे धड न बघता हिरव्या रंगाचा जाड हात मारून मोकळा झाला. कामाशी त्याचं देणंघेणं तेवढंच.

"अब्बांनी असला हात मारला असता तर स्वतःच खरवडून काढला असता," फहमिदा नाक मुरडत म्हणाली.

रविवारी सकाळी वच्छलाबाईंची जीप शेडसमोर थांबली. बाई उंचपुऱ्या, आवाज खणखणीत. तिघंही त्यांच्यामागून आत शिरले.

"ही पोरं कशाला?" शेठ गुरकावला.

"राहू द्या. पोरांनी बघितलं म्हणून पेटी झिजत नाय," बाई म्हणाल्या. "दाखवा."

शेठ सुरू झाला. हवेली, जहागीरदार, बेगमेचे दागिने, सगळं एका दमात सांगून झालं. "आपल्या हातानं कुलूप काढलं, बाई. त्या चोराची सावलीसुद्धा पडली नाय हिच्यावर." मग त्यानं गोणपाट घेतलं आणि कोपरा घासला. हिरवे पापुद्रे गळाले, खालचा तांबडा दिसला. "बघा. असा रंग झडायला शंभर वर्षं लागत्यात."

चोर शब्द ऐकून जोहराच्या मुठी वळल्या होत्या. तिनं बन्सीला कोपर मारलं.

"कोपऱ्यात तर कुणाचाबी निघंल," बन्सी तोंड वेडावत म्हणाला. "मधला निघंना म्हणून शेठ तिकडं हात नेईना."

"गप रे! मधला नाय निघत व्हय? हे बघ."

शेठनं रागारागात झाकणाच्या मधोमध गोणपाट खसाखसा घासलं. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. पापुद्रे उडाले आणि हिरव्यातून तांबडी अक्षरं वर आली. शेठचा हात थांबला, पण तोवर उशीर झाला होता. वच्छलाबाईंनी त्याच्या हातातून गोणपाट ओढून घेतलं, उरलेलं स्वतः घासलं आणि मोठ्यानं वाचलं, "निजामुद्दीननं केली. पडेगाव. एप्रिल १९९४."

"ही... ही ह्या कार्ट्यांची खोडी हाय! ह्यांनीच लिहिलंय!"

"हो, मीच लिहिलं," जोहरा पुढे आली. "बुधवारी चोरून आत शिरून लिहिलं, ती माझी चूक. पण शेठ, तुमचा हिरवा रंग शंभर वर्षांचा ना? मग माझी बुधवारची अक्षरं त्याच्या खाली कशी गेली?"

कडूबानं हळूच ब्रश खाली ठेवला आणि दाराबाहेर पाय काढला.

"म्हंजी कपाटबी असंच," वच्छलाबाई सावकाश म्हणाल्या. "आन त्या भल्या माणसाला मीसुद्धा चोर म्हणाले. शेठ, बसा जीपमधी. पोलिसात जायचं का कसं, ते मागून बघू."

"पोलिसात नंतर," जोहरा म्हणाली. "आधी नाक्यावर. जिथे बोट दाखवलं तिथेच."

नाक्यावर बाजाराची गर्दी होती. बन्सी धावत जाऊन अब्बांना घेऊन आला. ते मान खाली घालूनच उभे राहिले. शेठ काहीतरी पुटपुटला.

"ऐकू आलं नाही," जोहरा म्हणाली. "सोमवारी तुमचा आवाज मोठा होता."

"निजामुद्दीननं चोरी केली नाय," शेठ ओरडला. "कपाट नवंच व्हतं. मी खोटं बोललो."

वच्छलाबाईंनी सगळ्यांदेखत अब्बांची माफी मागितली, आणि गर्दीला एकदम कंठ फुटला. शाबास पोरी! बापाचं नाव काढलंस! लई हुशार हाय लेकरू! कमरोद्दीन चाचा टपरीतून बाहेर आले आणि त्यांनी जोहराच्या डोक्यावर हात ठेवला. "शाबास, बेटा. आम्हाला तर पहिल्यापासून माहीत होतं, निजाम असं करणार नाही."

जोहरानं त्यांचा हात डोक्यावरून बाजूला केला.

"माहीत होतं, तर सोमवारी अब्बांचा सलाम का घेतला नाही, चाचा?"

शाबास म्हणणारे सगळे चपलांकडे बघू लागले. फहमिदानं आपाची ओढणी ओढली, पण जोहरा उत्तराची वाट बघत उभीच राहिली.

चाचा अब्बांसमोर गेले. नाक्यावरच्या सगळ्या लोकांसमोर त्यांनीच आधी सलाम केला.